इकिकेच्या वाळूवरचा पिंड

मी बोटीवर होतो म्हटलं की लोक सरसावून बसतात. "सांगा की राव, कुठले कुठले देश पाहिले?" देश कसले पाहिले, कपाळ माझं! मी पाहिल्या त्या बश्या. चारशे माणसांच्या उष्ट्या बश्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ. गोऱ्या उतारूंची सैरेची बोट ती. काम ना धंदा, लोक नुसते समुद्रावर फिरायला यायचे, बंदर आलं की उतरून फोटो काढायचे आणि जेवायला परत बोटीवर. आम्ही खालच्या पँट्रीत. तिथल्या गोल काचेतून दिसेल तेवढं जग माझं, आणि त्यातही बराचसा वेळ नुसतं पाणी.

एकच गाव असं आहे, की त्याचा रस्ता न् रस्ता मला आजही काढून दाखवता येईल. इकिके. दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे, त्याच्या वरच्या अंगाचं हे बंदर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळवंट आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. मी तिथं जेमतेम एक दिवस होतो. त्या एका दिवसात मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या जन्माचं वाटोळं केलं. ऐकायचं असेल तर आता हे ऐका.

आमचं घर सांगवीचं, बारामती तालुक्यातलं, नीरेच्या काठचं. पाटाचं पाणी, थोडा ऊस, थोडी भाजी. आई लवकर गेली. घरात वडील, चुलता-चुलती, मी आणि माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान बहीण. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो आणि चुलत्याला आबा. मी काही शाळेत दिवे लावले नाहीत. इंदापूर तालुक्यात साखर कारखान्यावर एका गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यात स्वयंपाकघरात लागलो. तिथं काटे-चमचे शिकलो, कामापुरतं इंग्रजी शिकलो आणि साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्यानं चिठ्ठी देऊन मला बोटीवर चिकटवून दिलं. पन्नास सालाच्या पुढची एक-दोन वर्षं असतील.

बहीण मात्र हुशार. सातवीची परीक्षा पास झाली तेव्हा मास्तर स्वतः घरी पेढे घेऊन आले होते, आणि आमच्या चुलतीनं त्यांना विचारलं होतं, "पेढे आमी द्यायचे का तुमी?" पुढची शाळा गावात नव्हती. मी हट्टाला पेटलो आणि तिला बारामतीला मावशीकडे ठेवून हायस्कुलात घातलं. "तिच्या शाळेचं मी बघतो," असं सगळ्यांच्या देखत छाती काढून बोललो. तिला मास्तरीण व्हायचं होतं. सुट्टीत घरी आली की गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं इंग्रजी अक्षरं काढायची आणि म्हशीला शिकवायची. म्हैस तिच्याकडे बघत रवंथ करायची. हसून हसून पोट दुखायचं माझं.

तात्यांच्या डोक्यात दुसरंच होतं. कळंबचं एक स्थळ आलं होतं. बिजवर, पहिल्या बायकोची एक मुलगी, वय माझ्यापेक्षा दहा वर्षांनी जास्त. पण घरचा ऊस, बारमाही विहीर आणि दारात ट्रॅक्टर. त्या काळात दारात ट्रॅक्टर म्हणजे काय विचारता! तात्या तो बघायला म्हणून मुद्दाम कळंबला जाऊन आले आणि आठ दिवस त्या ट्रॅक्टरचंच बोलत राहिले. मी रजेवर आलो होतो. माझं टाळकं फिरलं.

"पोरगी हाय ती, शेरडू न्हाय, कुणाच्या बी दावणीला बांधायला," मी ओरडलो.

"आन् मी काय तिचा वैरी हाय व्हय?" तात्या म्हणाले. एवढंच म्हणाले. मग रजा संपेपर्यंत आमचं बोलणं नाही. निघताना मी त्यांच्या पाया पडलो नाही. एसटीच्या थांब्यावर ते माझ्या आधी येऊन उभे होते, धोतराच्या सोग्यात भुईमुगाच्या शेंगा धरून. मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून गाडीत चढलो. एवढी मस्ती होती अंगात.

पुढच्या साली आमची बोट दक्षिण अमेरिकेच्या फेरीवर गेली. इकिकेला धक्क्याला लागली तेव्हा सकाळचं धुकं होतं. बोटीचं टपाल तिथं येऊन पडलेलं, त्यात माझं एक पाकीट. पाकिटाचा एक कोपरा फाडलेला. आमच्याबरोबर गोव्याचा एक ख्रिस्ती कुक होता, बोटीवर माझ्याशी मराठीत बोलणारा तो एकटाच. तो म्हणाला, "उंदरानं कुरतडलं रे तुझं पत्र." उंदीर कसला! कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला न उघडता कळतं. मी ते तसंच हातात धरून पिठाच्या पोत्यावर बसलो.

पत्र आबांचं होतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'तात्या वारले. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. अग्नी मी दिला, दहावा-तेरावा आम्ही रीतसर केला. कळंबची माणसं पुन्हा येऊन गेली. आता घरात तुम्ही थोरले, पोरीचं काय करायचं ते उलट टपाली कळवावे, तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही.' पत्राला महिना उलटून गेला होता. म्हणजे मी बश्या पुसत शीळ घालत होतो तेव्हा माझा बाप मेलेला होता, आणि त्याला आगसुद्धा माझ्या हातची मिळाली नव्हती.

आपल्यात दहाव्याला नदीकाठी भाताचा पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला तर माणूस सुखानं गेला. नाही शिवला तर त्याचं मन कशात तरी अडकलंय असं धरतात, आणि घरची माणसं एकेक पुढं होऊन त्याला शब्द देतात, तुमचं अमुक करू, तमुक सांभाळू. ज्या शब्दावर कावळा शिवेल तो शब्द मेलेल्याला पोचला. आता हे मी कुणाला शिकवतोय म्हणा! पण त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. आबांनी केलं असेल सगळं रीतसर. पण थोरल्या मुलाच्या हातचा पिंड तात्यांना मिळाला नव्हता, आणि पाया न पडता गेलेला मुलगा मीच होतो. म्हटलं, आज इथं जमीन लागलीय, आज इथंच पिंड ठेवायचा.

कुकनं मुकाट्यानं भात करून दिला. केळीचं पान नव्हतं, म्हणून कोबीचं एक मोठं पान घेतलं. काळे तीळ कुठले? गोऱ्यांच्या पावावर पेरतात ती काळी खसखस घेतली. दर्भ नाही, दही नाही. एका बाटलीत दूध भरून घेतलं. हे सगळं बांधून मी उतारूंच्या जेवणाच्या टोपलीत खाली सारलं, कारण त्या दिवशी उतारूंना किनाऱ्यावर जेवण द्यायचं होतं आणि टोपल्या, छत्र्या, बर्फ वाहून नेणाऱ्यांत आम्ही दोघं होतो.

धुकं विरलं तसं गावामागं काहीतरी तपकिरी उभं राहिलं. मला ढग वाटला. ढग नव्हता, वाळूचा डोंगर होता, सरळ गावाच्या डोक्यावर आलेला. त्यावर गवताची काडी नाही. गावात लाकडी घरं, आणि घरांना ना पन्हळ ना वळचण. इथं पाऊस पडतच नाही म्हणे. पाणी लांबून नळानं येतं. एक बाई दारातल्या डब्यातल्या एकुलत्या एका रोपाला वाटीनं पाणी घालत होती, आणि वाटी रिकामी झाल्यावर तिनं ती उलटी करून शेवटचा थेंबही झटकला. आमच्याकडे पाटाची पाळी आली की उसात पाणी सोडून माणूस खुशाल बांधावर घोरत पडतो. मला त्या गावाचा रागच आला. मनात म्हटलं, तात्या, कुठं आणलं मी तुम्हाला!

किनाऱ्यावर उतारू छत्र्यांखाली अंगाला तेल चोपडून पडले. समुद्र बर्फासारखा गार, पाय घातला की किंचाळायचे आणि हसायचे. त्यांचं हसू मला त्या दिवशी सहन होईना. जेवण वाढून झाल्यावर दोन तासांची मोकळीक मिळाली. मी कोबीच्या पानाचं गाठोडं काढून निघालो, तेव्हा एका मड्डमेनं कौतुकानं विचारलं, "हे तुझं जेवण का?" मी म्हटलं, "नाही बाई, माझ्या वडिलांचं." ती म्हणाली, "अरे वा, तेही बोटीवर आहेत?"

मी मान हलवली आणि चालायला लागलो.

किनाऱ्याच्या टोकाला खडक होते, त्यांच्या पलीकडं माणूस नव्हतं. तिथं वाळू सारखी केली, पान ठेवलं, पिंड ठेवला, दूध शिंपडलं. कुक टोपी काढून बाजूला उभा राहिला. मी हात जोडले. "तात्या, मी आलोय. घ्या."

काही नाही. लाटा येत होत्या, जात होत्या. पक्षी रग्गड होते. गळ्याला पिशवी असलेले मोठाले पाणपक्षी होते, खडकावर गर्दी करून बसलेले होते, पण एकाही कावळ्याचा आवाज नाही. थोड्या वेळानं पलीकडच्या उंच खडकावर काळं काही येऊन बसलं. मी एक पाऊल पुढं झालो. "आलं, आलं," कुक पुटपुटला. ते पंख पसरून खाली उतरलं तेव्हा दिसलं, डोकं लाल आणि बोडकं. गिधाड! तात्यांच्या पिंडाला गिधाड! मी दगड उचलून असा भिरकावला की खांदा निखळला असता. ते हललं, पुन्हा जाऊन खडकावर बसलं आणि तिथून बघत राहिलं.

मग मी शब्द द्यायला सुरुवात केली.

"तात्या, दारूला शिवनार न्हाय." काही नाही.

"वाटणी मागनार न्हाय. आबांच्या शब्दात राहीन." काही नाही.

"विहिरीवर इंजान बसवीन." तात्यांना इंजिनाचा फार सोस होता. काही नाही.

"बोट सोडून घरी यीन. तुमी म्हनाल ते पीक घेईन." लाटांचा आवाज तेवढा. उन्हानं डोळे दुखायला लागले. मी एकेक गोष्ट पुढं टाकत होतो आणि नेमकी जी मागितली होती ती पाठीमागं लपवून ठेवत होतो, हे मला कळत नव्हतं थोडंच? बापाला काय हवं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. त्यावरूनच तर आमचं वाकडं आलेलं. पण ते तोंडातून निघेना. डोळ्यांसमोर ती कोळशानं भिंतीवर अक्षरं काढताना दिसायची आणि जीभ अडायची.

कुकनं घड्याळ दाखवलं. अर्धा तास उरला होता. परत जायचं, टोपल्या आवरायच्या. पिंड तसाच टाकून गेलो तर ते लाल डोक्याचं टपून बसलेलंच होतं. सोग्यातल्या त्या शेंगा आठवल्या. आणि मी बोलून गेलो.

"तात्या, कळंबचं स्थळ करतो. तुमच्या मनापरमानं पोरगी देतो तितं."

कुठून आला कोण जाणे, एक पक्षी सरळ पिंडावर उतरला. समुद्रावरचाच पक्षी, पण पांढरा नव्हता. राखाडी, काळ्या चोचीचा, आणि मानेचा रंग थेट आपल्या कावळ्याच्या मानेचा. त्यानं एक चोच मारली, मान वर करून गिळलं आणि दुसरी चोच मारली.

"शिवला रे! शिवला!" कुकनं छातीवर क्रूस केला.

"कावळा न्हाय ह्यो," मी म्हणालो.

"अरे बाबा, प्रत्येक मुलखाचं पाखरू वेगळं. ह्या गावचा कावळा असाच असणार."

आणि मला ते पटलं! बघा म्हणजे अक्कल कशी गहाण पडते. जिथं पाऊस नाही, घरं वेगळी, तिथं कावळाही वेगळा असेल, असं मी स्वतःला समजावलं. पत्र हातात पडल्यापासून डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते तिथं गुडघ्यावर बसून ढसाढसा रडलो. बरं वाटलं, हे सांगायलाच हवं. पाठीवरचं पोतं उतरल्यासारखं बरं वाटलं. तात्यांनी मला माफ केलं, असं वाटलं.

परत जाताना पोस्टात शिरलो आणि फळीवर कागद ठेवून उभ्या उभ्या पत्र लिहिलं. 'तात्यांची इच्छा तीच माझी. कळंबचं पक्कं करावं. माझ्या येण्यासाठी थांबू नये.' बहिणीला वेगळ्या चार ओळी लिहाव्यात असं मनात आलं. काय लिहायचं सुचेना. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. त्या भोंग्याला मी किती वर्षं दोष देत आलो!

चौथ्या दिवशी आम्ही वालपारायसोच्या बंदरात होतो. बोटीवर एक म्हातारी इंग्रज बाई होती, शाळेतली मास्तरीण होऊन गेलेली. गळ्यात दुर्बीण, हातात वही. दिसेल तो पक्षी टिपून ठेवायची. पोरासोरांनी तिची टर उडवावी अशी. मी तिला डेकवर चहा दिला आणि सहज, अगदी सहज विचारलं, की बाई, या देशातला कावळा राखाडी असतो ना?

"कावळा?" ती म्हणाली. "इथं कावळा नाहीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत सबंध दक्षिण अमेरिकेत कावळा नाही. मलासुद्धा आधी खरं वाटलं नव्हतं." मी तिला त्या पक्ष्याचं वर्णन सांगितलं. तिनं आनंदानं वही उघडली. "हा तर तिथला समुद्रपक्षी! वाळवंटात घरटं करतो, रोज समुद्रावर येतो. मिळेल ते खातो, आधाशी असतो अगदी. तुम्ही नशीबवान, जवळून पाहिलात!"

नशीबवान. मी रिकामा ट्रे उचलला आणि खाली पँट्रीत आलो.

म्हणजे मी तिथं संध्याकाळपर्यंत उभा राहिलो असतो, जन्मभर उभा राहिलो असतो, तरी कावळा येणार नव्हता. तात्या रागावले होते म्हणून नव्हे. तो तिथं नव्हताच म्हणून. त्या भुकेल्या पाखराला भात दिसला आणि ते उतरलं. मी इंजिनाचं बोलताना उतरलं असतं तर माझ्या बहिणीच्या जागी विहिरीवर इंजिन आलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, पत्र अजून वाटेतच होतं की. होतं. आणि तारघर धक्क्यासमोरच होतं, बोटीवरून पाटी दिसत होती. 'पत्र रद्द समजावे, पोरीला शिकू द्यावे', एवढी तार बस्स होती. मी उतरलो, तारघराच्या पायरीपर्यंत गेलो. पायरीवर उभा राहिलो. आणि परत फिरलो. का? मी बरीच कारणं सांगत आलोय स्वतःला. दिलेला शब्द मोडायचा कसा, सांगवीपर्यंत तार धड जाईल का, आबा काय म्हणतील. सगळं झूट. खरं एवढंच, की मला पुन्हा तात्यांचा गुन्हेगार व्हायचं नव्हतं. एकदा उतरलेलं ओझं पुन्हा उचलायला मी भ्यालो. ते पोरीच्या डोक्यावर राहू दिलं. थुंकावंसं वाटतं स्वतःवर.

लग्न झाल्याचं पत्र दोन महिन्यांनी मिळालं. बोटीवरचा माझा करार संपायला अजून दोन वर्षं होती. संपल्यावर मुंबईहून भिगवणला उतरलो, तिथून एसटीनं थेट कळंबला गेलो. सांगवीला आधी जायची हिंमत झाली नाही.

ती दारात आली. वीस वर्षांचीही नव्हती, आणि चालणं बाईमाणसाचं झालेलं. पहिलं बाळंतपण तिला झेपलं नव्हतं. बाळ राहिलं नाही. नवरा वाईट होता असं मी म्हणणार नाही. मारत नव्हता, पीत नव्हता. त्याला घरात काम करणारं माणूस हवं होतं, ते मिळालं होतं. मी तिच्यासाठी विलायती शाईचा पेन आणला होता. तिनं झाकण काढून निब पाहिलं, पुन्हा झाकण लावलं आणि म्हणाली, "चांगला हाय." जेवायला बसलो तेव्हा तो पेन दाजींच्या सदऱ्याच्या खिशाला होता. दाजींना सहीपुरतं येत होतं.

दुपारी दाजी मळ्यात गेले. ती गोठ्यात म्हशीची पेंड कालवत बसली होती. मी समोर कडब्याच्या पेंढीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पत्र, कोबीचं पान, गिधाड, शब्द, तो पक्षी. आणि तिथं कावळा नसतोच, तेही सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती, हात थांबला नव्हता.

माझं झाल्यावर म्हणाली, "हितं बी कावळा शिवंना, दादा."

"कुठं?"

"नीरंवर. दहाव्याला. आबा म्हनलं, इंजान बसवतो. न्हाय आला. मग म्हनलं, कळंबचं स्थळ करतो. झाडावर बसून ऱ्हायला, पर खाली उतरंना. मग मावशी म्हनली, पोरीच्या शाळंचं बोला की एकदा. आबांच्या जिवावर आलं हुतं. पर बोललं, की पोरीची शाळा थोरला पुरी करंल. शब्द संपला न्हाय तवर शिवला."

मी उठलो आणि परत खाली बसलो.

"तापात असताना तात्या मला जवळ बसवून धडा वाचाय लावायचे," ती म्हणाली. "इंग्रजी. त्यास्नी काय कळतंय? पर डोळं मिटून ऐकायचे. म्हनायचे, आजून वाच."

"आबांनी हे मला का न्हाय कळवलं?" माझा आवाज चढला. "एक ओळ लिवायची हुती!"

"आबांना कळंब सोडवत न्हवतं. लई भांडण झालं घरात. मग मीच म्हनलं, दादाला इचारा. दादा लिवंल तसं करू, मला कबूल हाय." तिनं पेंडीचा गोळा फोडला. "मला काय ठावं न्हवतं व्हय तू काय लिवनार ते? म्हनून तर म्हनलं. मी येगळं पत्र बी लिवलं न्हाय तुला. कशाला लिवू?"

"आन् मग?"

"मग तुजं पत्र आलं. कळंबची माणसं बी आलीवती त्या दिवशी. समदी वसरीवर बसलेली. आबांनी पत्र माझ्याच हातात दिलं. घरात वाचनारं दुसरं कोन हुतं? मी उभी ऱ्हाऊन वाचलं. मोठ्यानं."

"अगं मग तू दुसरंच वाचायचं!" मी ओरडलोच. म्हैस बुजली. "दादा न्हाय म्हनतोय, शाळा करू दे म्हनतोय, असं वाचायचं! कुनाला कळनार हुतं?"

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"तू लिवलेलं मी खोटं कसं वाचू, दादा?"

ती पुन्हा पेंड कालवायला लागली. मग तिनं विचारलं, "तितं कावळं नस्त्यात, हे तुला कवा कळलं?"

मी पेंढीतली काडी उपसून मोडत बसलो होतो.

"लई उशिरा," मी म्हणालो. "पार इकडं यायला निघालो तवा. एक म्हातारी बाई म्हनली बोटीवर."

तिनं टोपल्यात हात झटकले, पदरानं पुसले आणि उठून म्हशीचं दावं सोडलं.

"मग तुजी काय चूक त्यात," ती म्हणाली, आणि म्हशीला पाण्यावर घेऊन गेली.